वक्तृत्वात बक्षिसं मिळाली, म्हणूनच भाषण नकोसं वाटतं

काळीमाती | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यात एका माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत बारा वर्षं काम करते. ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो. त्या दिवशी आमच्याकडे शेतकरी मेळावा होतो आणि भाषण आमचे साहेब करायचे. ते ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. यंदा निमंत्रणपत्रिकेत माझं नाव चाललंय. विषय क्षारपड जमीन, म्हणजे क्षार साचून बिघडलेली, वेळ वीस मिनिटं, माणसं दीडशे-दोनशे.

सभाधीटपणावरचे इथले जुने धागे वाचले. त्यात सगळे घाबरणारे आहेत. माझं दुखणं वेगळं आहे. मला भीती वाटत नाही, मला भाषण आवडत नाही. हे सांगितलं की ओळखीचे हसतात, कारण तिसरीपासून नववीपर्यंत तालुक्यातल्या वक्तृत्व स्पर्धांतून मी स्टीलचे डबे, ढाली आणि एक भिंतीवरचं घड्याळ घरी आणलंय. घड्याळ अजून चालू आहे.

सहावीत हुंडाबळीवर भाषण होतं. बाईंनी लिहून दिलेलं. 'आई, मला घेऊन जा गं' या वाक्याला आवाज कापरा करायचा, मनात तीन आकडे मोजायचे आणि मग रुमाल डोळ्याला लावायचा. मी खरंच मोजायची, एक, दोन, तीन. पहिल्या रांगेत एक मावशी पदर तोंडाला लावून रडत होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला पोटाशी धरलं. त्यांची लेक तशीच गेली होती, हे नंतर कळलं. मी अकरा वर्षांची. मला तेव्हा हुंडा म्हणजे नक्की काय, हेसुद्धा धड ठाऊक नव्हतं. पहिला नंबर आला.

तेव्हापासून माईक दिसला की मला स्वतःचा राग येतो. आणि वाईट म्हणजे तो सूर गेलेला नाही. चार माणसांसमोर उभी राहिले की आवाज आपोआप चढतो, वाक्याच्या शेवटी हेल येतो. लग्नात उखाणा घेतला तेव्हाही माझा उजवा हात वर गेला होता, असं नवरा अजून सांगतो.

तेव्हा भीती घालवायचे उपाय नकोत. तो सूर घालवायचा उपाय असेल तर सांगा. नाहीतर पत्रिकेतून नाव काढायला सांगते. छपाई मंगळवारी आहे.

चहाटळ | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१२

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती."

ताई, हे मी आत्ता न बघता टाईप केलं. पासष्ट मुलं, एकच भाषण, १ ऑगस्ट. शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफलं मी उचलणार नाही. आमच्या वर्गात एकाने 'शेंगा मी उचलणार नाही' म्हटलं आणि तिथेच बसला. आज तो जमिनीचे व्यवहार करतो. शेंगा सोडून सगळं उचलतो.

रुमाल टाकून ठेवतो. धागा चांगला आहे.

निवृत्त_घंटा | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

मी तुमच्या त्या बाईंच्या जातकुळीतला. एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि दरवर्षी पंधरा-वीस भाषणं मुलांना लिहून दिली. 'इथे थांब, इथे हात पुढे कर' असे बाण काढून दिले. तेव्हा थोडं आमच्या बाजूनेही ऐका.

आमच्याकडे वस्तीवरची मुलं यायची. घरी कोणी पुस्तक उघडून बघितलेलं नाही. शाळेत पाहुणा आला तर ती दाराआड लपायची. अशा पोराला 'तुझ्या मनातलं बोल' म्हटलं तर ते रडायचं. लिहून दिलेली बारा वाक्यं त्याच्या हातात काठीसारखी असायची. काठी धरून ते स्टेजवर चढायचं, एवढं खरं.

आमची चूक पुढची. काठी कधी काढून घ्यायची हे आम्ही ठरवलंच नाही. बक्षीस येतंय ना, मग चालू द्या. आणि अकरा वर्षांच्या मुलीला हुंडाबळी हा विषय द्यायला नको होता, हे मी त्या बाईंच्या वतीने नाही, माझ्या वतीने कबूल करतो. मीही दिले आहेत.

नाव काढू नका.

नाडीपरीक्षा | १० नोव्हेंबर, दुपारी २:०५

डॉक्टर आहे, पण मनाचा नाही, तेव्हा बेताने घ्या.

भीती नाही म्हणता ते मान्य. तरी शरीर भीती आणि नावड यांत फारसा फरक करत नाही. अ‍ॅड्रिनलिन दोन्हीकडे सुटतं, तोंड कोरडं पडतं, श्वास वरच्यावर होतो. श्वास वर अडकला की आवाज चढतो. तुमच्या 'सुरा'चा अर्धा भाग हाच असेल. बोलायच्या आधी श्वास घेण्यापेक्षा सावकाश *सोडण्याकडे* लक्ष द्या. आणि घोटभर पाणी.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली माणसाला मुद्दाम ताण आणायची एक पद्धत बसवली, ती जगभर वापरतात. पाच मिनिटं भाषण आणि मग पाच मिनिटं तोंडी वजाबाकी: १०२२ मधून १३, पुन्हा १३, चुकलं की पहिल्यापासून. पण त्यातली खरी मेख म्हणजे समोर बसलेले परीक्षक. त्यांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. मग लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजतात, ते वर गेलेलं असतं.

हे सांगायचं कारण, आपल्याकडे पहिल्या रांगेत सोफ्यावर जे मान्यवर बसतात, त्यांचे चेहरे नेमके तसेच असतात. त्यांच्याकडे बघून बोलू नका. मागे खुर्चीवर पाय घेऊन बसलेला एखादा मान डोलावणारा शोधा.

एक इशारा. 'भाषणाआधी प्रोप्रॅनॉलॉलची (छातीची धडधड कमी करणारी) गोळी घ्या' असे सल्ले फिरत असतात. दमा असेल तर ती गोळी महागात पडते. स्वतःच्या मनाने घेऊ नका.

सातासमुद्रापार | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी अमेरिकेत टोस्टमास्टर्सला तीन वर्षं जातो. लोकांसमोर बोलायचा सराव करण्यासाठी १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता आना गावी सुरू झालेली संस्था. पहिलं भाषण स्वतःबद्दल, चार ते सहा मिनिटांचं. वेळ मोजायला एक माणूस हिरवा, पिवळा, लाल दाखवतो. दुसरा माणूस तुम्ही किती वेळा 'अं', 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' म्हणालात ते मोजतो. माझे पहिल्या दिवशी सतरा 'अं' निघाले. बायकोला सांगितलं तर म्हणाली, घरी पण एवढेच असतात.

फायदा नक्की झाला. पण ताईंना तिथे पाठवावं का, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तिथेही एक सूर असतो. दोन-तीन वर्षं मुरलेले सभासद हात एका ठरावीक उंचीवर धरतात, विनोदाआधी ठरावीक थांबतात. ताईंना एक साचा मोडायचाय, त्यात दुसरा कशाला भरायचा? तिथलं एकच घ्या: 'टेबल टॉपिक्स'. चिठ्ठीवर विषय, तयारी शून्य, एक ते दोन मिनिटं बोलायचं. तयारीच नसते म्हटल्यावर सूर लावायला वेळ मिळत नाही. घरी जेवताना खेळा.

अर्धविराम | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

मी तोतरा आहे. 'अडखळतो' वगैरे नको, तोतराच. वरचं वाचून थोडं हसू आलं, थोडा हेवा वाटला. इथे कोणाला तरी सूर *जास्त* लागतो ही तक्रार आहे.

एक गंमत सांगतो. गाताना मी अडकत नाही, आरतीत अडकत नाही. चार जण एका आवाजात म्हणत असतील तर शब्द सरळ येतात. बऱ्याच तोतऱ्या माणसांचं असं असतं. म्हणजे ठेक्यात बोललो तर मी सुटतो, आणि ताई ठेक्यातच अडकल्यात. तेव्हा 'अगदी सहज बोला हो' असं कोणी सांगू नका. सहज हा शब्द ज्याला जमतं त्याने शोधलाय.

मी काय करतो ते सांगतो. पहिल्या वाक्यात सांगून टाकतो, 'मी मधे मधे थांबेन, तुम्ही वाक्य पूर्ण करायला धावू नका.' लोक हसतात, मग लपवायचं काही उरत नाही.

काळीमाती | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

@निवृत्त_घंटा सर, दोनदा वाचलं. आमच्या बाईही मनाने वाईट नव्हत्या. स्पर्धेला जायला एसटीचं तिकीट त्या स्वतःच्या पैशाने काढायच्या. राग त्यांचा नाही. माझा, की मी ते इतकं *छान* केलं.

पत्रिका छापायला गेली. नाव ठेवलंय.

बिनविरोध | १३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मी सरपंच आहे. गाव सांगत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना, त्यात आमच्या गावचं सरपंचपद राखीव पडलं आणि मी बिनविरोध आले. 'आले' म्हणजे आणली. पहिल्या ग्रामसभेत आमचे हे शेजारी बसले आणि कोणी काही विचारलं की हेच उत्तर द्यायचे. मी नारळ फोडायला आणि झेंडावंदनाला.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायद्यातच आहे. आमच्याकडे ती कागदावरच व्हायची, सह्या घरोघर जाऊन. मी म्हटलं, खरीच घेऊ. देवळाच्या ओट्यावर बावीस जणी आल्या. तिथे मी भाषण केलं नाही. लसूण सोलायला घेऊन गेले होते, कार्यक्रम होता दुसऱ्या दिवशी. सगळ्याजणी सोलायला बसल्या आणि पाण्याच्या टाकीवर दीड तास बोलणं झालं. हात कामात असला की तोंडाला कोणी अडवत नाही. मग पुढच्या ग्रामसभेत मी टाकीचा विषय उभी राहून मांडला. ह्यांना घरी ठेवलं होतं.

ताई, तुमचा तो हात वर जातो ना? त्याला काम द्या.

आणि मला सांगा, तुमच्याकडे शेतकरी माती घेऊन येतो तेव्हा तुम्ही त्याच्याशी कशा बोलता? तेव्हा हेल येतो का?

काळीमाती | १३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

@बिनविरोध ताई, या प्रश्नावर मी दोन तास बसले आहे.

नाही येत. आजचंच सांगते. एक आजोबा युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती घेऊन आले. मी म्हटलं, "आजोबा, ह्यात नत्र जास्तच येणार की. खताच्या पोत्यात नमुना आणत्यात का?" ते म्हणाले, "पोतं झाडून घ्यातलंय." मग त्यांना बाहेर कुंडीजवळ नेलं आणि खुरपं घेऊन दाखवलं. इंग्रजी व्हीसारखा खड्डा, वीतभर म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर. कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, उकिरड्याची नको. रानात दहा-बारा ठिकाणची गोळा करून ढीग करायचा, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा चार वाटे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. पंधरा मिनिटं बोलत होते. एकदाही स्वतःचा आवाज ऐकू आला नाही.

चहाटळ | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

झालं की भाषण. दीडशे आजोबा समजा.

सातासमुद्रापार | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

+१. फोनवर रेकॉर्ड करा, पण आरशासमोर नको. आरशात माणूस अभिनय करतो.

काळीमाती | २३ नोव्हेंबर, रात्री १०:००

रेकॉर्ड केलं. ऐकवेना. "शेतकरी बंधूंनो, ही काळी आई आज आक्रोश करते आहे!" हे मी म्हटलंय, कोणीही लिहून दिलेलं नसताना. कागदावर 'क्षारांचे प्रमाण वाढले आहे' एवढंच होतं.

मग कागद फाडला. लिहिलं की मी निबंध लिहिते आणि निबंध लिहिला की तो म्हणून दाखवते, हे लक्षात आलं. आता फक्त वस्तूंची यादी केली आहे. काचेचे तीन ग्लास, तीन रानांतली वाळलेली ढेकळं, प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड पाणी. एक ढेकूळ चांगल्या जमिनीचं. एक क्षारयुक्त, जिच्यावर उन्हाळ्यात पांढरी पापडी येते. एक चोपण, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. चोपण मातीत सोडियम चढलेलं असतं. तिचं ढेकूळ अशा पाण्यात हलकेच सोडलं की दहाएक मिनिटांत भोवती दुधासारखा ढग उठतो आणि पाणी गढूळच राहतं. बाकीच्या दोन्ही ढेकळांचे तुकडे पडले तरी वरचं पाणी नितळ असतं. लोक क्षारयुक्त आणि चोपण एकच समजतात आणि जिप्सम हे खनिज दोन्हीकडे टाकतात. जिप्सम चोपणचं औषध आहे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला निचरा करून क्षार धुऊन काढावे लागतात, जिप्समवर घातलेला पैसा तिथे मातीतच जातो. मला वीस मिनिटांत एवढंच सांगायचंय. बाकी 'आक्रोश' नको.

निवृत्त_घंटा | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

उत्तम. सुरुवातीचं वाक्य मात्र पक्कं करून ठेवा, बाकी सोडा. पहिलंच वाक्य सापडलं नाही की काय होतं, याचा दाखला गांधीजींनी आत्मकथेत दिलाय. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला, ममीबाईंचा. तीस रुपये फी. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि फी परत केली. काम एक्कावन्न रुपयांत दुसऱ्या वकिलाकडे गेलं. त्याच पुस्तकात त्यांनी असंही लिहिलंय की या बुजरेपणानेच त्यांना शब्द काटकसरीने वापरायला शिकवलं. 'काटकसर' हा शब्द मी वर्गात फळ्यावर लिहायचो, आणि मग त्याखाली मुलांना तीन पानी भाषण लिहून द्यायचो. असो.

काळीमाती | ५ डिसेंबर, रात्री ११:४०

झालं. सविस्तर लिहिते, झोप येत नाहीये.

वेळ अकराची, सुरुवात साडेबाराला, कारण प्रमुख पाहुणे. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार. शाल-श्रीफळ एकूण चौदा, मी मोजले. प्रास्ताविक करणाऱ्याने पंचवीस मिनिटं घेतली. माझं नाव पुकारलं तेव्हा मांडवामागून जेवणाचा वास यायला लागला होता आणि सूत्रसंचालकांनी कानात सांगितलं, "मॅडम, आठ मिनिटांत आटपा."

उभी राहिले. तोंडातून काय निघालं असेल? "व्यासपीठावरील मान्यवर..." आणि उजवा हात निघाला वर. पण हातात चोपण मातीचं ढेकूळ होतं. दीडशे माणसांसमोर मी ढेकूळ उगारून उभी. पुढच्या रांगेतले एक मान्यवर चक्क मागे सरकले. कोणीतरी हसलं, मग सगळेच, मग मीही.

@अर्धविराम, तुमचं ऐकलं. म्हटलं, "लहानपणी शाळेत भाषणं पाठ केली हुती, त्यातलं निघालं तोंडातनं. आता सोडा ते. ही तीन ढेकळं बघा." तिन्ही पाण्यात सोडली आणि बोलायला लागले. कृष्णाकाठी पाणी मोप, पाट सोडायचा आणि झोपायला जायचं, निचऱ्याचं नाव नाही, पाण्यासंगं क्षार वर. हेच, एवढंच. पाच-सहा मिनिटांनी मागून आवाज आला, "ताई, हिकडनं दिसंना." मी माईक ठेवून ग्लास घेऊन खाली उतरले. लोक खुर्च्या सोडून भोवती आले. तेवढ्यात सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली, वेळ संपली. चोपणच्या ग्लासात ढग नुकता उठत होता. एक जण त्यांना म्हणाला, "थांबा की ओ, इरघळू दे. जेवाण कुठं पळतंय."

पस्तीस मिनिटं झाली. माईक नव्हता म्हणून घसा बसलाय. चौघांनी विचारलं की आमच्या रानात जिप्सम टाकून बसलोय त्याचं काय. एकाला मी सांगितलं, तुमचा अहवाल बघितल्याशिवाय काही बोलणार नाही, तो जरा नाराज झाला.

आवडलं का? एवढ्यात नाही म्हणवत. शेवटी आभार मानायला पुन्हा माईक हातात दिला तेव्हा हेल परत आलाच, नवऱ्याने व्हिडिओ काढलाय. खालचं मात्र आवडलं, ग्लासाभोवतीचं.

चहाटळ | ६ डिसेंबर, सकाळी ८:२०

मान्यवरांवर ढेकूळ उगारणारी पहिली वक्ता! व्हिडिओ टाका.

बिनविरोध | ६ डिसेंबर, सकाळी १०:१०

२६ जानेवारीला आमच्या ग्रामसभेत याल का? आधी महिला सभा, ओट्यावर. माईक नाही. लसणाऐवजी यंदा वाटाणा असेल.

काळीमाती | ६ डिसेंबर, दुपारी १:३५

येते. ग्लास घेऊन येते.

निवृत्त_घंटा | १२ डिसेंबर, सकाळी ७:००

तुमचा प्रयोग काल गावी करून पाहिला. ओढ्याकडेच्या तुकड्यातलं ढेकूळ घेतलं, आमच्या बोअरचं पाणी घेतलं. नातू आणि मी अर्धा तास बघत बसलो. ढग काही उठला नाही. म्हणजे जमीन बरी समजायची का?

काळीमाती | १२ डिसेंबर, रात्री ९:२५

नाही सर, त्यावरून काहीच समजायचं नाही. बोअरच्या पाण्यातच क्षार असतात, त्या पाण्यात चोपण माती असली तरी ढग उठत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी घ्या, किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी दुकानात मिळतं ते. ढेकूळ वाळलेलं हवं आणि सोडल्यावर ग्लास हलवायचा नाही, नातवाला सांगा.

आणि नमुना आमच्याकडे पाठवा. खताच्या पोत्यात नको.